शँक्लीचें दार

मोठा माणूस गेला म्हणजे त्याचें स्मारक कोणीं बांधावें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सरकार बांधतें, संस्था बांधतात, ऐपत असली तर घरचीं माणसें बांधतात. लोक जातात, पाहतात आणि कालांतरानें विसरतात. परंतु कांहीं थोड्या माणसांच्या बाबतींत स्मारक आधीं लोकांच्या मनांत उभें राहतें, आणि दगडाचें किंवा लोखंडाचें स्मारक त्याच्या मागाहून येतें. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरांत २९ सप्टेंबर १९८१ रोजीं वारलेला बिल शँक्ली हा अशा थोड्यांपैकीं एक होय. तो राजा नव्हता, सेनापति नव्हता, कवि नव्हता. एका फुटबॉल क्लबचा तो मॅनेजर होता, आणि मरणसमयीं तेंहि नव्हता. ती जागा सोडून त्याला सात वर्षें होऊन गेलीं होतीं. सात वर्षांपूर्वीं नोकरी सोडलेल्या मनुष्यासाठीं एक सबंध शहर कां हळहळलें, आणि त्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षें तें त्याला कां विसरलें नाहीं, याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे क्रिकेटच्या कर्णधाराचें नांव घरोघर माहीत असतें; फुटबॉलच्या मॅनेजरचें काम मात्र थोडें समजावून सांगावें लागेल. इंग्लिश क्लबांत मालकी भागीदारांची आणि तिजोरी डायरेक्टरांच्या हातीं; पण कोणता खेळाडू घ्यावा, कोणास काढावें, शनिवारीं कोणते अकरा गडी मैदानांत उतरवावे आणि त्यांनीं कोणत्या रीतीनें खेळावें, ही सारी जबाबदारी मॅनेजरची. संघ जिंकला तर टाळ्या खेळाडूंस मिळतात. हरत राहिला तर नोकरी मॅनेजरची जाते. अशा माणसाचा लोक आदर करतील, त्याच्यावर रागावतील, फार तर त्याचे आभार मानतील. त्याच्यावर जीव लावणें ही गोष्ट निराळी, आणि ती क्वचित् घडते.

शँक्लीचा जन्म २ सप्टेंबर १९१३ रोजीं स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यांतील ग्लेनबक या खेड्यांत झाला. गांव कोळशाच्या खाणींवर जगणारें. वस्ती सातशेंच्या आसपास, आणि तीहि ओसरत चाललेली. पण या एवढ्याशा गांवानें सुमारें पन्नास धंदेवाईक फुटबॉल खेळाडू निर्माण केले, आणि त्यांत शँक्लीच्या घरचे पांचहि भाऊ होते. दहा भावंडांत बिलचा क्रमांक नववा. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली आणि खाण सुरू झाली. खाणींत जो राबला त्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं: आपला जीव शेजारच्या गड्याच्या हातीं आहे आणि त्याचा आपल्या. पुढें फुटबॉलविषयीं बोलतांना शँक्ली ज्याला समाजवाद म्हणे, म्हणजे सर्वांनीं एकमेकांसाठीं झटावें आणि फळांत सर्वांचा वांटा असावा, तो त्यानें ग्रंथांतून घेतलेला नव्हता. तो या गांवाच्या मातींतून आलेला होता. १९३२ सालीं कार्लाइल युनायटेडनें त्याला घेतलें. दुसऱ्याच वर्षीं तो प्रेस्टन नॉर्थ एंडकडे गेला. १९३८ सालीं ज्या प्रेस्टन संघानें एफ. ए. कप जिंकला त्यांत तो होता, आणि स्कॉटलंडतर्फेंहि तो खेळला. ऐन उमेदीचीं पुढचीं वर्षें महायुद्धानें गिळलीं.

१९४९ सालीं खेळणें थांबवून तो कार्लाइलचाच मॅनेजर झाला. त्यानंतर ग्रिम्स्बी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड अशा, पैशाच्या चणचणीनें गांजलेल्या क्लबांत त्यानें दहा वर्षें काढलीं. १९५९ च्या डिसेंबरांत तो लिव्हरपूलला आला तेव्हां त्या क्लबची स्थिति पडक्या वाड्यासारखी होती. पूर्वीं पांच वेळां इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलेला हा क्लब १९५४ सालीं दुसऱ्या वर्गांत घसरला आणि तेथेंच रुतून बसला. त्याच १९५९ सालच्या जानेवारींत वूस्टर सिटी या लीगबाहेरच्या संघानें एफ. ए. कपांत त्याला हरविलें होतें. अ‍ॅनफील्ड हें क्लबचें मैदान. तेथील शौचकूपांत पाणी सोडण्याचीहि सोय नव्हती. मेलवूड येथील सरावाच्या जागेवर रान माजलें होतें. शँक्लीच्या कारकीर्दीतील पहिलाच सामना कार्डिफनें घरच्या मैदानावर चार गोलांनीं जिंकला. आरंभ असा झाला.

नवा धनी आला म्हणजे जुन्या माणसांस वाटेला लावून आपलीं माणसें आणावयाचीं, ही जगाची रीत. शँक्लीनें खेळाडू मात्र काढले, एका वर्षांत जवळजवळ दोन डझन. पण बॉब पेझ्ली, जो फेगन, रूबेन बेनेट हे जुने साहाय्यक त्यानें जागच्या जागीं ठेवले. बूट ठेवण्याच्या एका अंधाऱ्या खोलीत हे लोक बसत आणि खेळाचा विचार करीत. पुढच्या पंचवीस वर्षांचा लिव्हरपूल क्लब त्या खोलींतून बाहेर पडला. शँक्लीनंतर पेझ्ली आणि पेझ्लीनंतर फेगन हे क्रमानें मॅनेजर झाले. त्यांची शिकवण साधी होती: चेंडू जवळच्या गड्याला द्यावा आणि आपण लगेच मोकळ्या जागीं जावें. १९६१ सालीं रॉन येट्स आणि इयन सेंट जॉन हे दोन स्कॉटिश खेळाडू आले, आणि १९६२ सालीं क्लब पहिल्या वर्गांत परतला. १९६४, १९६६ आणि १९७३ या वर्षीं त्यानें अजिंक्यपद मिळविलें. १८९२ सालीं स्थापन झालेल्या या क्लबला जो एफ. ए. कप कधींच मिळाला नव्हता, तो १९६५ सालीं लीड्सचा पराभव करून मिळाला. त्या दिवशीं गेरी बर्न हा खेळाडू आरंभींच गळ्याजवळचें हाड मोडलें असतां अखेरपर्यंत खेळत राहिला. १९७३ सालीं युएफा कप आला, १९७४ सालीं पुन्हां एफ. ए. कप. यशाचा हिशेब एवढा पुरे.

कारण हा हिशेब आमच्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. शँक्लीच्या मागून आलेल्या पेझ्लीनें त्याच्याहून अधिक मिळविलें. १९७७, १९७८ आणि १९८१ या तीन वर्षीं त्यानें युरोपियन कप जिंकला. तो शँक्लीच्या हातीं कधींच लागला नव्हता. लिव्हरपूलचे लोक पेझ्लीस मान देतात, त्याचीं विजयपदें मुखोद्गत म्हणून दाखवितात. पण शँक्लीचें नांव निघालें कीं आवाज बदलतो. तेव्हां उत्तर मैदानांत न शोधतां मैदानाच्या कडेस शोधलें पाहिजे.

अ‍ॅनफील्डच्या एका टोकाला, उभ्यानें सामना पाहणारांसाठीं, पायऱ्यापायऱ्यांचा एक उंच चढ होता. १९०६ सालीं तो बांधला तेव्हां त्याला ‘स्पियन कॉप’ हें नांव मिळालें. या नांवाच्या दक्षिण आफ्रिकेंतील टेकडीवर जानेवारी १९०० मध्यें बोअर युद्धांतील एक भीषण लढाई झाली, आणि लँकशरच्या पलटणींतील अनेक शिपाई तेथें पडले. त्याच रणांगणावर गांधीजींच्या हिंदी शुश्रूषापथकानें जखमींच्या डोल्या वाहिल्या होत्या, हें वाचकांस आठवत असेल. म्हणजे ही जागा नांवापासूनच मृतांच्या स्मृतीवर उभी होती. तेथें पंचवीस हजारांहून अधिक माणसें खांद्याला खांदा लावून उभीं राहत. गोदींत ओझीं वाहणारे, कारखान्यांत घाम गाळणारे, कांहीं काम नसणारे, अशांची ती गर्दी. आठवडाभर ज्यांना कोणी विचारीत नसे त्यांचा शनिवारचा दोन तासांचा दरबार. एका संगीत नाटकांतील गीत १९६३ सालीं लिव्हरपूलच्याच एका गायकवृंदानें गाऊन लोकप्रिय केलें. ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ हें त्याचें नांव. या गर्दीनें तें आपलेंसें केलें, आणि तेथून तें त्या क्लबचें जणूं कुलगीत झालें.

शँक्लीनें या गर्दीला गर्दी मानलें नाहीं. तो तिच्यांतील एकेका माणसाशीं वागे. पाठीराख्यांचीं पत्रें येत. त्यांस तो स्वतः टंकयंत्रावर बसून उत्तरें लिही. कोणा गरजूला तिकीट मिळत नसलें तर तें मिळवून देई. वेस्ट डर्बी भागांतील एका साध्या जोडघरांत तो राहत असे, आणि शेवटपर्यंत त्यानें तें बदललें नाहीं. आळींतलीं पोरें दार ठोठावीत आणि तो त्यांच्याबरोबर चेंडू खेळावयास जाई. त्याच्या मतें क्लबांत तीन घटकच खरे: खेळाडू, मॅनेजर आणि पाठीराखे, डायरेक्टरांचें काम धनादेशांवर सही करण्याचें. १९७३ च्या एप्रिलमध्यें अजिंक्यपदाचा चषक घेऊन तो मैदानाला फेरी घालीत असतां कोणीं एकानें आपला लाल मफलर त्याच्या दिशेनें फेंकला. जवळच्या पोलीस शिपायानें तो पायानें बाजूला सारला. शँक्लीनें मफलर उचलला, आपल्या गळ्यांत घातला आणि शिपायाला बजाविलें, कीं ही वस्तु कोणाचा तरी जीव कीं प्राण असेल, तिला लाथाडूं नकोस. चषकांची यादी ज्यांना पाठ नाहीं त्यांनाहि ही गोष्ट माहीत असते. त्या शहरांतील गरीब माणसाला आपली वस्तु लाथाडली जाण्याची संवय होती. ती उचलून गळ्यांत घालणारा कोणी भेटण्याची नव्हती.

१२ जुलै १९७४ रोजीं शँक्लीनें राजीनामा जाहीर केला. वय साठ, दोन महिन्यांपूर्वींच कप जिंकलेला. कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. त्या दिवशीं रस्त्यांत एका वार्ताहरानें पोरांना ही बातमी सांगितली; पोरें ती खरी मानावयास तयारच होईनात. तें चित्रण आजहि पाहावयास मिळतें. घरच्या माणसांना वेळ द्यावा, थोडी विश्रांति घ्यावी, असें त्याच्या मनांत होतें. पण ज्यानें जन्मभर एकच काम केलें त्याला विश्रांति म्हणजे काय तें ठाऊक नसतें. थोड्याच दिवसांत तो मेलवूडला सरावास जाऊं लागला. खेळाडू पूर्वींच्या संवयीनें त्याला ‘बॉस’ म्हणत. पलीकडे नवा बॉस पेझ्ली उभा असे. एका म्यानांत दोन तलवारी राहूं शकत नाहींत. त्यानें तेथें येणें बंद केलें तर बरें, असें त्याला हळूहळू सुचविलें गेलें, आणि तो यावयाचा थांबला. १९७६ सालच्या आत्मचरित्रांत त्यानें ही सल लपविली नाहीं. ज्या एव्हर्टन क्लबशीं तो पंधरा वर्षें झुंजला, त्या एव्हर्टननें आपलें अधिक मनमोकळें स्वागत केलें, असें त्यानें लिहिलें.

येथें क्लबला एकदम दोषी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. पेझ्लीला संघ चालवावयाचा होता आणि त्यानें तो उत्तम चालविला. जुन्या धन्याची सावली अंगणांत असतां नव्या धन्याचा शब्द चालत नाहीं, हें कोणासहि समजेल. पण एवढें खरें, कीं ज्या क्लबच्या गीतांत कोणालाहि एकटें न सोडण्याचें वचन आहे, त्या क्लबला आपल्या सर्वांत मोठ्या माणसाला बसावयास जागा सांपडली नाहीं. ती जागा लोकांनीं दिली. निवृत्तीनंतर एकदां तो सामना पाहावयास मान्यवरांच्या कक्षांत न जातां कॉपच्या पायऱ्यांवर, लोकांच्या गर्दींत, जाऊन उभा राहिला.

१९८१ च्या सप्टेंबरांत त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. त्या वेळीं मजूर पक्षाची वार्षिक परिषद् भरली होती. ती त्याच्यासाठीं मिनिटभर स्तब्ध उभी राहिली. ३ ऑक्टोबरला अ‍ॅनफील्डवर लिव्हरपूल आणि स्वान्सी यांचा सामना होता. स्वान्सीचा मॅनेजर जॉन टोशॅक हा शँक्लीनें घडविलेला खेळाडू. शांततेच्या त्या मिनिटांत त्यानें अंगावरचा बाहेरचा सदरा काढला. आंत लिव्हरपूलचा लाल सदरा होता. स्वतःचा संघ समोर उभा असतां प्रतिपक्षाचा पोशाख अंगावर दाखविणें हें मॅनेजरच्या धर्मांत बसत नाहीं. पण शिष्याचा धर्म त्या दिवशीं वरचढ ठरला.

पुढच्या वर्षीं, २६ ऑगस्ट १९८२ रोजीं, अ‍ॅनफील्डला एक लोखंडी दार बसविण्यांत आलें. त्याच्या माथ्यावर त्या गीताचें नांव कोरलेलें आहे. त्याला ‘शँक्लीचें दार’ म्हणतात. डिसेंबर १९९७ मध्यें कॉपच्या बाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला: गळ्यांत मफलर, दोन्ही हात पसरलेले, आणि खालीं एवढेंच, कीं यानें लोकांना सुखी केलें. पुतळा सुंदर आहे. पण स्मारक म्हणून दारच मोठें, कारण दार वापरांत येतें. पंढरपूरला महाद्वारीं नामदेवाची पायरी आहे. तिचें माहात्म्य ती पाहण्यांत नसून तिच्यावरून लोक जातात यांत आहे. तसेंच कांहीं या दाराचें झालें. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, पोलिसांच्या अक्षम्य चुकीमुळें, लिव्हरपूलचे पाठीराखे कठड्यांमध्यें चिरडले गेले. त्या आपत्तीच्या बळींची संख्या पुढें ९७ झाली. त्या वेळीं कोठें जावें हें कोणीं कोणास सांगितलें नाहीं. लोक फुलें आणि मफलर घेऊन शँक्लीच्या दाराशीं आले. मृतांवरच दोष ढकलण्याचा अधिकाऱ्यांनीं प्रयत्न केला, आणि तो खोटा होता असा न्यायनिर्णय होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. त्या सत्तावीस वर्षांच्या झगड्यांत मृतांच्या नांवांची शिला कित्येक वर्षें त्या दाराच्या शेजारींच होती.

दाराप्रमाणें नांवहि कामास आलें. २००७ सालीं क्लब दोन अमेरिकन धनिकांनीं घेतला आणि त्याच्यावर कर्जाचा डोंगर चढूं लागला. २००८ सालीं पाठीराख्यांनीं आपला संघ स्थापन केला. त्याला त्यांनीं ‘स्पिरिट ऑफ शँक्ली’ हें नांव दिलें. २०१० सालीं ते मालक गेले. पुढच्या मालकांनीं एका तिकिटाची किंमत ७७ पौंड करण्याचें ठरविलें, तेव्हां फेब्रुवारी २०१६ मधील एका सामन्यांत ७७ व्या मिनिटाला हजारों लोक उठून बाहेर चालूं लागले. थोड्याच दिवसांत मालकांनीं माफी मागून तो दर मागें घेतला. ज्या मॅनेजरला मरून पस्तीस वर्षें होत आलीं होतीं, त्याचें वजन जिवंत भांडवलाला असें जाणवलें. पूज्य माणसाची तसबीर भिंतीवर टांगून ठेवणें सोपें. त्याचा शब्द घेऊन धन्याच्या दारीं जाणें कठीण. या लोकांनीं दुसरें केलें.

परंतु लोकस्मृति जितकी एकनिष्ठ तितकीच ती कात्री चालविणारीहि असते, आणि इतिहास लिहिणारानें कापून टाकलेला तुकडा उचलून ठेवला पाहिजे. शँक्लीचें एक वाक्य जगभर पसरलें आहे. फुटबॉल तुम्हांला जीवनमरणासारखा वाटतो, असें कोणीं म्हटल्यावर, तो त्याहूनहि मोठा आहे, असें तो उत्तरला, अशी ती गोष्ट. ध्वजांवर, पेल्यांवर, कपड्यांवर तें वाक्य छापतात आणि त्यांत अभिमानाची गर्जना ऐकतात. पण हें तो बोलला तें मृत्यूच्या वर्षीं, १९८१ सालीं, दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत. त्याच्या आधीं तो म्हणाला होता, कीं आपण या खेळांत सर्वस्व ओतलें आणि त्याचें दुःख घरच्यांनीं सोसलें. याचा खेद होतो काय, असें विचारतां, फार होतो, असें त्यानें सांगितलें. आणि मग तें प्रसिद्ध वाक्य आलें. म्हणजे जें वाक्य लोक विजयघोष म्हणून मिरवितात, तें मुळांत एका म्हाताऱ्या माणसाचा कबुलीजबाब होता.

हें सांगितल्यानें शँक्ली लहान होत नाहीं. उलट त्याच्या पुतळ्याखालच्या शब्दांची किंमत तेव्हांच कळते. लोकांना सुखी करणें हें फुकट होत नसतें. कोणी तरी त्याची भरपाई करीत असतो. ग्लेनबकच्या खाणी कधींच बंद झाल्या आणि तें गांव जवळजवळ नाहींसें झालें. तेथें आज शँक्लीच्या नांवाचा एक दगड आहे, आणि लिव्हरपूलचे लोक एवढा प्रवास करून त्याच्यापाशीं फुलें ठेवून येतात. परंतु सर्वांत मोठी भरपाई ज्या घरानें केली तें वेस्ट डर्बींतील तें जोडघर. त्याची पत्नी नेसी त्याच्या मागें एकवीस वर्षें, २००२ सालीं ती वारेपर्यंत, त्याच घरांत राहिली. १९८२ सालच्या त्या ऑगस्टांत तें लोखंडी दार पहिल्यानें उघडण्याचा मान तिला देण्यांत आला. हा मान योग्य हातीं गेला, असें आम्हांस वाटतें. कारण लोकांसाठीं आपल्या घराचें दार तिनें त्याच्या कितीतरी आधीं उघडें ठेवलें होतें.